दूरचित्रवाणीची दुखणी

वैद्याकडे आलेला रोगी आपली तक्रार पुष्कळदा दोनच शब्दांत सांगतो : 'बरे नाही.' पुढचे सारे वैद्याने विचारून काढावयाचे असते. दुखते ते कोठे, केव्हापासून, जेवणाआधी की जेवणानंतर, या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली म्हणजे निम्मे निदान औषधाची बाटली उघडण्यापूर्वीच होऊन जाते. घरातील दूरचित्रवाणी संचाचेही असेच आहे. 'टीव्ही बिघडला' या दोन शब्दांखाली अनेक निरनिराळी दुखणी लपलेली असतात; आणि त्यांपैकी बऱ्याच दुखण्यांत खुद्द संच बिघडलेला नसतोच.

एखाद्या घरचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दिवाणखान्यात मोठा, पातळ, नवा पडदा आलेला आहे. मुलाने त्याला एक ध्वनिसंच जोडला आहे; पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि कोपऱ्यात एक खर्जाचा डबा. चित्रपट लागतो. पाऊस, गाड्या, वादळ, पार्श्वसंगीत, सारे खोलीभर घुमते. पण कोपऱ्यातील खुर्चीत बसलेली आजी दर दोन मिनिटांनी विचारते, "काय म्हणाला रे तो?" पहिल्या दिवशी नातवंडे सांगतात. दुसऱ्या दिवशी आवाज वाढवितात. तेव्हा संवाद तसाच राहतो आणि वादळ मात्र शेजाऱ्यांच्या घरात शिरते. आठवड्याने घरात एक निर्णय, कोणीही न घेता, होऊन जातो : आजीला आता ऐकू येत नाही. आजीही तो मान्य करते आणि विचारावयाचे सोडून देते. या निर्णयाकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले, आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. रंग आले ते १९८२ साली, दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा. त्या काळातील दोष मोठे प्रामाणिक असत. संकेत दुर्बळ झाला की पडद्यावर मुंग्या येत. डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून लहरी परावर्तित झाल्या की प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकी सावली उभी राही. एक जण गच्चीवर चढून अँटेना फिरवी आणि ओरडून विचारी, "आलं का?" खालून उत्तर येई, "आलं, आलं... गेलं!" दोष कमी होत आहे की वाढत आहे हे डोळ्यांना दिसत असे आणि त्या अंदाजाने हात वळे.

आजचा संकेत अंकांचा आहे. वाटेत काही अंक गळाले तर संच ते हिशेबाने भरून काढतो आणि चित्र निर्दोष दिसते. गळती वाढत जाते, तरीही चित्र निर्दोषच दिसते. मग एका मर्यादेपलीकडे हिशेब लागेनासा होतो आणि चित्र एकदम चौकोनाचौकोनांत फुटते, गोठते किंवा नाहीसे होते. कड्याच्या टोकापर्यंत सपाट वाट आणि पुढे एकदम दरी, असा हा प्रकार आहे. काल चांगला चालणारा संच आज एकाएकी बंद पडला, असे आपणांस वाटते ते यामुळेच. वास्तविक दुखणे महिनाभर आत वाढत असते.

म्हणूनच आज तर्काची गरज अधिक आहे. सरकारी कचेरीत एखादा कागद अडला म्हणजे अनुभवी माणूस संपूर्ण खात्यावर रागावत नाही. तो विचारतो : कागद आवक विभागात नोंदला गेला काय? तेथून पुढच्या टेबलावर गेला काय? सहीला ठेवला काय? ज्या टेबलापर्यंत कागद पोचल्याची खूण सापडते आणि ज्याच्या पुढे सापडत नाही, त्या दोहोंच्या मध्येच तो अडलेला असतो. चित्राचा प्रवासही असाच टेबलाटेबलांचा आहे. छतावरील डिश, तिची वायर, सेट-टॉप बॉक्स, तेथून निघणारी एचडीएमआय वायर, संच आणि शेवटी पडदा. ध्वनीला याखेरीज आणखी तीन टेबले आहेत : संचातून बाहेर जाणारी वाट, ध्वनिसंच आणि स्पीकर. कागद कोठे अडला हे शोधण्याची रीत एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे. चार वायरी एकदम उपटून पुन्हा लावणाऱ्याचा संच कधी कधी सुरू होतो, पण दोष कशात होता हे त्याला कळत नाही. आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा चारही वायरी उपटाव्या लागतात.

चित्राच्या बाबतीत पहिली परीक्षा अगदी सोपी आहे आणि तिला एक पैसाही खर्च नाही. चित्रात रेघा, डाग किंवा रंगांचा बिघाड दिसत असता रिमोटवरून संचाची स्वतःची यादी, म्हणजे मेनू, पडद्यावर आणावी. ही यादी बाहेरून येत नाही. संच ती आतच तयार करतो. उभी रेघ त्या यादीवरूनही गेली असेल, तर दोष संचात किंवा पडद्यात आहे. यादी स्वच्छ आणि मागचे चित्र तेवढे खराब असेल, तर बहुधा पडदा निर्दोष आहे आणि शोध मागच्या टेबलांकडे न्यावयाचा आहे. दुसरी परीक्षा वाहिन्यांची. एकाच वाहिनीवर दोष असेल तर तो बहुधा पाठविणाऱ्याकडचा; सर्व वाहिन्यांवर असेल पण मोबाइलवरून किंवा पेनड्राइव्हवरून लावलेले चित्र स्वच्छ असेल, तर डिश, बॉक्स किंवा त्यांची वायर.

'संकेत नाही' अशी अक्षरे पडद्यावर आली की पुष्कळांच्या छातीत धस्स होते. पण याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे रिमोटचे एखादे बटण चुकून दाबले जाणे. संचाच्या पाठीवर दोन-तीन एचडीएमआय खाचा असतात. वायर एकीत आणि संच दुसरीकडे पाहत असला, तर त्याला संकेत कसा दिसावा? योग्य खाच निवडावी. ती बरोबर असेल तर बॉक्सचा दिवा पाहावा, वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी, आणि तरीही काही न घडल्यास संच व बॉक्स यांचे प्लग काढून दोन मिनिटे थांबावे. ही यंत्रे आता लहान संगणकच आहेत. रिमोटने बंद केली तरी ती पूर्ण झोपत नाहीत. एखादी आज्ञा अर्धवट अडकलेली असते आणि वीज पूर्ण तुटल्यावरच ती सुटते.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातील एक तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. सरी जोरात आल्या की चित्र जाते आणि सरी ओसरल्या की परत येते. घरोघरच्या डिशला उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी सेकंदाला हजार कोटींहून अधिक कंपनांच्या असतात आणि पावसाचे थेंब त्यांतील शक्ती शोषतात व विखुरतात. हा दोष निसर्गाचा. त्यावर कारागीर बोलावणे व्यर्थ. परंतु पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल, किंवा साध्या भुरभुरीतही ते जात असेल, तर डिश थोडी हललेली असते किंवा वायरीच्या टोकाशी पाणी शिरलेले असते. तांब्याच्या तारेवर हिरवट थर दिसला तर ते टोक कापून नवे बसवून घ्यावे. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशी येतो आणि काही दिवस दुपारच्या सुमारास काही मिनिटे संकेत बुडतो. तोही बिघाड नव्हे.

चित्रावर क्षणभर पांढरे ठिपके चमकून जाणे किंवा पडदा दोन सेकंद काळा होऊन पुन्हा उजळणे, हे लक्षण बहुधा एचडीएमआय वायरीचे. फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवावयाचे तर वायरीने सेकंदाला १८ अब्ज अंक वाहून नेले पाहिजेत. जुनी किंवा फार लांब वायर एवढा भार पेलत नाही. अशा वेळी चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणून पाहावा. ठिपके थांबले तर वायर बदलावी. संच बदलण्याचे कारण नाही.

आवाज येतो पण पडदा काळा, हे दुखणे अधिक गंभीर. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. एलसीडी प्रकारच्या पडद्यावर हलणारी अंधुक चित्रे दिसली, तर चित्र तयार होत आहे; त्यामागील दिवे विझले आहेत. एवढे निदान करून कारागिराला सांगावे आणि तेथेच थांबावे. संचाची पाठ घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील काही भागांत विजेचा घातक साठा काही काळ राहतो.

आता अशा तक्रारी, की ज्यांत काहीच बिघडलेले नसते. माणसे बुटकी आणि जाड दिसतात, कारण जुन्या कार्यक्रमांचे चित्र चारास तीन या प्रमाणाचे आणि आजचा पडदा सोळास नऊ. संच ते ताणून बसवितो. बातम्यांच्या तळपट्टीचा खालचा भाग कापला जातो, कारण काचेच्या जुन्या नळीच्या काळी चित्राच्या कडा चौकटीआड लपविण्याची रीत होती आणि काही नवे संच ती अजून पाळतात. दोन्हींचे उत्तर चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये आहे. जुनी वाहिनी नव्या मोठ्या पडद्यावर पुसट दिसते, याला तर उपायच नाही. जुन्या पद्धतीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात, फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. म्हणजे एकेका बिंदूचा वीस बिंदूंइतका विस्तार करावा लागतो. एका वाटीचे वरण वीस जणांना वाढले तर ते पातळ होणारच.

चित्रपट पाहताना सारे काही घाईघाईने, मालिकेसारखे गुळगुळीत हलते, अशीही तक्रार असते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. संच त्यांच्यामध्ये स्वतः कल्पिलेली चित्रे घुसवितो. क्रिकेटच्या सामन्याला हे कदाचित शोभते, चित्रपटाला नाही. ही सोय बंद करता येते. २०१९ साली जाहीर झालेला 'फिल्ममेकर मोड' याच हेतूचा आहे. ज्या संचांत तो आहे तेथे एकच बटण पुरते. तसेच 'ब्राइटनेस' हे बटण अनेक संचांत उजेड वाढवीत नसून काळ्या रंगाची पातळी ठरविते, 'कॉन्ट्रास्ट' पांढऱ्याची, आणि 'शार्पनेस' फार वाढविल्यास तपशील वाढण्याऐवजी प्रत्येक वस्तूभोवती पांढरी किनार उमटते. दुकानात झगमगाटासाठी ठेवलेले भडक रंग घरी आणल्यावर उतरवावेत, एवढे पथ्य पुष्कळांचे समाधान करील.

ध्वनीचे दुखणे याहून सूक्ष्म, कारण ध्वनी दिसत नाही. सभोवार ध्वनीची प्रचलित रचना 'पाच दशांश एक' या नावाने ओळखली जाते : डावा, उजवा व मधला, मागील दोन, आणि खर्जासाठी एक. १९९२ च्या सुमारास डॉल्बी डिजिटल पद्धतीबरोबर ही रचना चित्रपटगृहांत आली आणि पुढे घरांत उतरली. या सहा वाटांत श्रमविभाग ठरलेला असतो. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या वाटेने येतात. संगीत व आजूबाजूचे आवाज इतर वाटांनी. त्यामुळे मधला स्पीकर मुका असला तर संगीत, पाऊस, टाळ्या हे सर्व येते, आणि माणसे ओठ हलवितात पण बोलत नाहीत, किंवा दूर कोठेतरी पुटपुटतात.

येथे आजीकडे परत यावयास हवे. तिची तक्रार शब्दशः खरी असू शकते. मधल्या स्पीकरची तार सैल झाली असेल, किंवा तो जोडलेलाच नसेल आणि ध्वनिसंचाला मात्र तो आहे असे सांगितलेले असेल. ध्वनिसंच विश्वासाने सारे संवाद तिकडे धाडतो आणि ते तेथेच विरतात. परीक्षा सोपी आहे. ध्वनिसंचाच्या मेनूत 'टेस्ट टोन' असतो. तो लावला की प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने खरखर ऐकू येते. जो गप्प राहील त्याची तार तपासावी. सर्व बोलले, म्हणजे स्पीकर व तारा शाबूत. मग दोष आधीच्या टेबलावर आहे. चित्राच्या बाबतीत मेनूने जे काम केले तेच येथे ही खरखर करते : ती साखळीचा मधोमध छेद घेते.

स्पीकर सारे शाबूत असूनही मागील दोन बोलत नाहीत, तेव्हा ध्वनिसंचाच्या दर्शनी पट्टीवर काय लिहून येते ते वाचावे. तेथे 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' असे आले तर त्याच्याकडे दोनच वाटांचा आवाज पोचत आहे. कदाचित कार्यक्रमच दोन वाटांचा असेल; अनेक वाहिन्यांचा आवाज तसाच असतो आणि त्यास इलाज नाही. पण सहा वाटांचा चित्रपट लावूनही तसेच दिसत असेल, तर संचाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' ऐवजी 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' निवडावे. संचातून आवाज बाहेर नेणारी एचडीएमआय वायर 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' असे लिहिलेल्या खाचेतच लावावी. शेजारची खाच दिसायला तशीच असली तरी तिच्यातून आवाज उलट दिशेने जात नाही. एआरसीची सोय २००९ साली आली, ई-एआरसीची २०१७ साली. प्रकाशाची बारीक वायर वापरली असेल तर तिच्यातून दाबून लहान केलेला सहा वाटांचा आवाज जातो. न दाबलेला दोनच वाटांचा जातो. याउलट ज्या घरात बाहेरचा ध्वनिसंचच नाही, तेथे बॉक्समध्ये स्टिरिओ निवडणे श्रेयस्कर, म्हणजे मधल्या वाटेचे संवाद उरलेल्या दोन वाटांत रीतसर मिसळले जातात.

आणखी एक कारण वायरींत नसते. पातळ संचांचे छोटे स्पीकर पुष्कळदा जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून बसविलेले असतात. शिवाय चित्रपटातील कुजबुज आणि स्फोट यांतील अंतर मोठ्या चित्रगृहासाठी ठरविलेले असते. रात्री घरात आवाज बेताचा ठेवला की कुजबुज पंख्याच्या घरघरीखाली बुडते. यासाठी 'नाइट मोड' असतो. तो मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज उचलतो. फरशी व कोऱ्या भिंती यांच्या खोलीत शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदे आणि सतरंजी यांनी ते सुटे होतात. पुढील डावा व उजवा स्पीकर श्रोत्याच्या समोरच्या रेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर, आणि मागील स्पीकर १०० ते १२० अंशांवर, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. म्हणजे 'मागील' स्पीकर वस्तुतः कानांच्या बाजूस, किंचित मागे. पाचही स्पीकर एकाच कपाटावर रांगेने मांडले तर सभोवार ध्वनी होत नाही, सभा होते. एखाद्या स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट लागल्या, तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज कोठून येतो हे कळत नाही.

शेवटचे दुखणे ओठ आणि शब्द यांच्या फारकतीचे. नदीच्या पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटतो तेव्हा हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो आणि प्रकाश त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणून आवाज थोडा मागे राहिला तर मन सोसते. पुढे धावला तर ते चटकन बिचकते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हे मोजमाप दिलेले आहे : आवाज ४५ सहस्रांश सेकंद आधी आला तरी प्रेक्षकाच्या लक्षात येते, मागे राहिला तर मात्र १२५ सहस्रांशांपर्यंत येत नाही. संच चित्र सजविण्यात वेळ घालवितो आणि आवाज पुढे निघून जातो. अशा वेळी ध्वनिसंचाच्या 'ऑडिओ डिले'ने आवाजास थोडे थांबवावे. ब्लूटूथ स्पीकरमुळे आवाज मागे पडत असेल, तर वायर जोडावी.

इतके सर्व करूनही दोष राहिला तर कारागिरास अवश्य बोलवावे. पण तेव्हा 'टीव्ही बिघडला' असे न सांगता 'मेनूवरही रेघ दिसते' किंवा 'टेस्ट टोन सर्व स्पीकरमधून येतो' असे सांगावे. ज्या गिऱ्हाइकाने निदान निम्म्यावर आणले आहे, त्यास अकारण नवा भाग विकणे कठीण जाते. आणि संच खरोखरच निकामी झाला तर तो भंगारात न देता अधिकृत संकलनाकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत दूरचित्रवाणी संचांचाही समावेश आहे.

राहता राहिला आजीच्या कानांचा निर्णय. वयपरत्वे कानाची शक्ती कमी होते हे खरेच, आणि तपासणी करून घेण्यात कमीपणा नाही. तथापि क्रम महत्त्वाचा आहे. मधल्या स्पीकरची तार पाहावयास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न देता घर एका माणसाला बहिरे ठरविते, आणि तो माणूस हळूहळू संभाषणातून उठून जातो. मग समोरचा पडदा कितीही मोठा असला तरी त्याच्यापुरता तो विझलेलाच. ज्या दिवशी नातू पलंगाखाली वाकून ती तार पुन्हा खोचतो, चित्रपट लावतो आणि आजी कोणालाही न विचारता योग्य जागी हसते, त्या दिवशी दुरुस्त होते ते केवळ यंत्र नव्हे. यंत्राच्या दोषाचे खापर माणसाच्या माथी फोडण्यापूर्वी यंत्राची साक्ष काढावी, एवढा न्याय घरातही व्हावयास हवा.